गावरान आंब्याचं कलम याच पावसात बांधा

बांधावरची गावरान आंब्याची झाडं बहुतेक ठिकाणी म्हातारी झाली आहेत. त्यांची कोय लावली की तोच आंबा मिळेल, या भरवशावर राहू नका. आपल्याकडच्या गावरान कोयीतून एकच रोप निघतं आणि त्यात दुसऱ्या झाडाचा परागही असतो, त्यामुळे खोबऱ्या आंब्याची कोय लावून आंबटढाण फळ हाती येऊ शकतं. झाड जसंच्या तसं हवं असेल तर कलमच बांधावं लागतं.

कोणत्या झाडाचं, हे व्यापाऱ्याला नाही, घरात लोणचं घालणाऱ्या बाईला विचारा. लोणच्याची कैरी आंबट, गराला कडक आणि आत कोय धरलेली हवी. नाहीतर फोडी दिवाळीआधीच मऊ पडतात. किसलेल्या कैरीच्या तक्कूला कमी रेषांची कैरी बरी, किसायला सोपी जाते. सरगुंड्यांवर (हाताने वळलेल्या शेवयांवर) किंवा लांब पोळीसोबत घ्यायचा रस मात्र चोखायच्या, पातळ रसाच्या आंब्याचाच. रेषा चाळणीत अडकतात, पण वासच नसला तर साखर घालून काही होत नाही. शेपूसारखा वास मारणारा शेप्या रसाला मी तरी घेणार नाही.

कलम ज्यावर बांधायचं, ती रोपं कोयीपासूनच करायची; त्यासाठी कोयी ताज्याच वापरा. महिनाभर पडून राहिल्या तर उगवण फार घटते. धुवून पाण्यात टाका, तरंगतील त्या फेका. उन्हात वाळवू नका, सावलीत ठेवून लगेच गादीवाफ्यावर लावा. या रोपांसाठी कुठल्याही निरोगी गावरान आंब्याच्या कोयी चालतात.

जुलै-ऑगस्टमध्ये कोय कलम करा, म्हणजे कोयीच्या कोवळ्या रोपावर निवडलेल्या झाडाची काडी बांधा. रोप १० ते १५ दिवसांचं, पानं अजून तांबूस असतानाच घ्यायचं. पानं हिरवी झाली की यश कमी. निवडलेल्या झाडाच्या, तीन-चार महिने वयाच्या फांदीची (हीच कलमाची काडी) पानं देठ ठेवून ८ ते १० दिवस आधी कापून ठेवा, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. मोहोराचे विकृत गुच्छ होणाऱ्या झाडाची काडी घेऊ नका. रोपाचा शेंडा उडवून ४-५ सेंमी उभी चीर द्या, काडीला तेवढीच पाचर करून बसवा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा. दोन्हींची जाडी सारखी हवी. नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला भिडवा.

कलमं पिशव्यांत लावून सावलीत ठेवा, जोडात पावसाचं पाणी जाऊ देऊ नका. जोडाखालून फुटवा आला की लगेच खुडा, तो कोयीचा असतो.