बायनरी डेटा डीबगरमध्ये पाहताना या चुका टाळा

एखाद्या फाइलचे पहिले चार बाइट हेक्समध्ये (सोळा-आधारित अंकपद्धतीत) १२ ३४ ५६ ७८ आहेत असे समजा. लिटल-एंडियन संगणकावर, म्हणजे संख्येचा सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी ठेवणाऱ्या संगणकावर, हीच फाइल बाइट दाखवणाऱ्या ‘हेक्सडम्प’ या आदेशाने, कोणताही पर्याय न देता, उघडली तर ३४१२ ७८५६ असे दिसते. ‘ओडी’ या तशाच जुन्या आदेशाने उघडल्यास ०३२०२२ ०७४१२६ दिसते, आणि हेच बाइट मेमरीत असताना जीडीबी या डीबगरमध्ये चार बाइटांचा वर्ड म्हणून पाहिले तर ७८५६३४१२ समोर येते. डेटा कुठेही बदललेला नाही, तरीही असे आउटपुट पाहून ‘बाइट उलटे येत आहेत’ असा निष्कर्ष काढणे आणि चांगल्या चाललेल्या कोडमध्ये बाइटांची अदलाबदल घुसडणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

‘ओडी’ १९७१ सालच्या पहिल्या युनिक्सपासून चालत आले आहे, आणि दोन-दोन बाइटांचे गट करून ते ऑक्टलमध्ये (आठ-आधारित अंकपद्धतीत) दाखवण्याची त्याची रीत आजही तशीच आहे. त्याच्या डावीकडील पत्तेही ऑक्टलमध्येच असतात, त्यामुळे तेथील ०००००२० म्हणजे सोळा. म्हणून गट नेहमी एका बाइटाचा ठेवावा: ‘हेक्सडम्प’ला कॅपिटल ‘सी’चा पर्याय द्यावा, किंवा ‘एक्सएक्सडी’ हे तशाच कामाचे साधन वापरावे, कारण त्यात बाइटांचा क्रम मुळातच बदलत नाही. जीडीबीच्या मेमरी दाखवणाऱ्या ‘एक्स’ आदेशात एककासाठी ‘बी’ (बाइट) स्पष्ट लिहावे. हा आदेश मागच्या वेळचे एकक लक्षात ठेवतो, त्यामुळे काही न लिहिता मिळालेले आउटपुट अर्ध्या तासापूर्वीच्या आदेशावर अवलंबून असू शकते.

जीडीबीचा ‘प्रिंट’ आदेश कॅरॅक्टर अ‍ॅरेला मजकूर समजतो, आणि खरा मनस्ताप येथे सुरू होतो. न छापता येणारे बाइट ऑक्टल संकेतांत येतात, सलग तेच मूल्य दहापेक्षा जास्त वेळा आले की ते आकसून ‘इतक्या वेळा पुनरावृत्ती’ अशी नोंद दिसते, आणि २०० घटकांनंतर छपाई थांबते (आकसलेल्या पुनरावृत्ती मात्र या मोजणीत पूर्ण धरल्या जात नाहीत). संपूर्ण शून्यांनी भरलेल्या २५६ बाइटांच्या बफरसाठी (मेमरीतील राखीव जागेसाठी) २५५ पुनरावृत्ती दिसतात, कारण शेवटचे शून्य मजकुराचा शेवट मानून गाळले जाते. तो एक हरवलेला बाइट शोधत बसू नये. हेक्स स्वरूप मागावे, आणि पुनरावृत्ती व घटकसंख्या या दोन्हींवरील मर्यादा काढून टाकाव्यात.

‘हेक्सडम्प’ आणि ‘ओडी’ सारख्या ओळी गाळून एकच तारांकन दाखवतात, ते नजरेतून सुटले की पुढचे सगळे अंतर चुकते. ‘व्ही’ पर्यायाने सर्व ओळी दिसतात.

डम्पच्या उजवीकडील मजकुराच्या स्तंभावर फार विसंबू नये. तेथील टिंब म्हणजे खरा पूर्णविराम असू शकतो किंवा न छापता येणारा कोणताही बाइट. यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनातील ‘क’ हे अक्षर ई० ए४ ९५ असे तीन बाइट घेते, आणि त्या स्तंभात सहसा केवळ तीन टिंबे दिसतात. देवनागरी मजकूर ‘खराब’ झाल्याच्या तक्रारींत ही टिंबेच पुरावा म्हणून दिलेली असतात, हे विशेष.

दोन साधनांचे आउटपुट डोळ्यांनी ताडून पाहण्यापेक्षा जीडीबीच्या ‘डम्प बायनरी मेमरी’ आदेशाने तो भाग फाइलमध्ये उतरवून घ्यावा आणि दोन फाइलींची तुलना करणाऱ्या ‘सीएमपी’ने मूळ फाइलशी जुळवावा, पहिला वेगळा बाइट कितवा आहे हे ते थेट सांगते. मात्र ‘सीएमपी’ बाइट एकपासून मोजते आणि डम्पमधील पत्ते शून्यापासून सुरू होतात, तेव्हा मिळालेल्या आकड्यातून एक वजा करूनच पुढे जावे.