आधी पत्ता, मग पलंग

जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा हातात पडला की घरात दोनच विषय उरतात: बॅगेचं वजन आणि राहायची सोय. बॅगेचं काही ना काही जमतं. राहायच्या सोयीत मात्र माझे पहिले दोन महिने फार ओढाताणीचे गेले. ते तसे का गेले हे आज मला नीट सांगता येतं, म्हणून गंगापूर रोड, सिडको, नाशिकरोडकडची जी मुलंमुली येत्या हिवाळी सत्राला निघणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी २०२२ च्या सप्टेंबर अखेरीस डॉर्टमुंडला पोहोचले. पहिली चूक त्याआधीच झाली होती, इथे सातपूरला बसून. प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृहही मिळेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तिथे तसं नसतं. वसतिगृहं विद्यापीठ चालवत नाही, श्टुडिरेंडेनवेर्क नावाची वेगळी संस्था चालवते आणि तिच्याकडे अर्ज वेगळा करावा लागतो. सगळ्यात स्वस्त खोल्या तिच्याकडेच असतात, त्यामुळे रांगही तिथेच सगळ्यात लांब. प्रवेशपत्र आलं की त्याच दिवशी अर्ज टाका, व्हिसाची वाट बघू नका. मी व्हिसाच्या धावपळीत दीड महिना घालवला आणि माझा नंबर पुढच्या सत्रापर्यंत लागलाच नाही.

मग तात्पुरती खोली शोधायला लागले. तिथे विद्यार्थी तीन-चार जण मिळून फ्लॅट घेतात, त्याला ‘वेगे’ म्हणतात. त्यातला एखादा इंटर्नशिपला किंवा सुट्टीला दुसऱ्या गावी गेला की तेवढ्या महिन्यांसाठी आपली खोली सामानासकट दुसऱ्याला देतो. याला ‘त्स्विशनमीटे’ म्हणतात. नव्या माणसाला ही सोय उत्तम आहे: पलंग, टेबल, भांडी सगळं असतं. उलट कायमचा रिकामा फ्लॅट घेतला तर पुष्कळदा स्वयंपाकाचा ओटासुद्धा नसतो, तो आपण आणून बसवायचा. शिवाय कायमच्या घराला ‘शुफा’चा दाखला, म्हणजे उधारी वेळेवर फेडल्याची नोंद मागतात. काल आलेल्या माणसाकडे ती कुठून असणार? म्हणून नाशिकहून कायमचं घर शोधायचा खटाटोप करू नका. पहिले तीन महिने निघतील अशी खोली शोधा, पुढचं तिथे गेल्यावर.

मला अशी खोली मिळाली. महिन्याला ३१० युरो, दोन महिने. व्हिडिओ कॉलवर मुलाने खिडकी उघडून बाहेरचं झाडसुद्धा दाखवलं. मी वायफाय विचारलं, वॉशिंग मशीन विचारलं, विद्यापीठ किती लांब तेही विचारलं. एकच प्रश्न राहिला: या पत्त्यावर माझं ‘आनमेल्डुंग’ होईल का?

आनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असा कायदा आहे, आणि त्यासाठी घर देणाऱ्याने सही केलेला एक कागद लागतो. त्याचं नाव लांबलचक आहे, ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. पाठ करूनच जा, कारण हा शब्द तुम्हाला पहिल्या आठवड्यात दहा वेळा लागेल. मी पोहोचल्यावर कागद मागितला तेव्हा तो मुलगा गप्प झाला. घरमालकाला न सांगताच त्याने मला खोली दिली होती. सही केली असती तर तोच अडचणीत आला असता.

एका कागदाने काय अडतं ते बघा. नोंद नाही म्हणून करक्रमांकाचं पत्र नाही. ते नोंदणीनंतर काही आठवड्यांनी टपालाने घरी येतं. करक्रमांक नाही म्हणून एका बेकरीतलं शनिवारचं काम ठरत आलेलं असताना सुटलं. ज्या बँकेत खातं काढायला गेले तिथे नोंदणीचा दाखला मागितला. खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले आणि दर महिन्याला ठरावीकच हातात येणारे, माझे स्वतःचे पैसे मला काढता येईनात. राहण्याचा परवाना वाढवायच्या अर्जालाही हाच दाखला. दोन महिने छप्पर होतं, गादी होती, आणि तरीही कागदोपत्री मी कुठेच राहत नव्हते. बाबांना फोनवर सगळं ठीक आहे असं सांगताना घशाशी यायचं.

पोटभाड्याने राहणं बेकायदा आहे असं मात्र समजू नका. घरमालकाची परवानगी असेल तर मूळ भाडेकरू स्वतः तो कागद देऊ शकतो. म्हणून खोली बघताना दोन वाक्यं लेखी घ्या, मेसेजवर चालतात: मालकाला माहीत आहे, आणि नोंदणीचा कागद मिळेल. कोणी ‘नंतर बघू’ म्हणालं तर ती खोली फक्त आठ-दहा दिवसांपुरती धरा.

माझी आजी पंचवटीत राहायची. सिंहस्थात आणि एरवीही ती यात्रेकरूंना पुढची खोली द्यायची. आलेली माणसं आधी पाणी किती वाजता येतं, चावी कोणाकडे, रात्री दार किती वाजता लागतं एवढं विचारून घ्यायची, पैशाचं नंतर बोलायची. मी हे लहानपणापासून बघितलं होतं, पण परक्या देशात गेल्यावर विचारायला संकोच वाटला. संकोच करू नका. तिथली माणसं सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देतात, आणि विचारलं नाही तर आपण होऊन सांगत नाहीत.

आता पैशाचं. सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच हातात येतात. पहिल्या महिन्यात मात्र खर्च दुप्पट असतो: भाडं आणि वर ‘काउत्सिओन’, म्हणजे डिपॉझिट. कायद्याने डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं, आणि भाडेकरूला ते तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा हक्क आहे. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तरी फॉरेक्स कार्डावर निदान दीड-दोन हजार युरो वेगळे घेऊन जा. ब्लॉक्ड अकाउंटचा पहिला हप्ता सुरू व्हायला महिनाही लागू शकतो. जाहिरातीतला आकडा ‘काल्टमीटे’ आहे की ‘वार्ममीटे’ तेही बघा. काल्ट म्हणजे नुसती जागा. वार्ममध्ये हीटर, पाणी, कचरा धरलेला असतो. वीज आणि इंटरनेट त्यात असतंच असं नाही.

खोली न बघता, करार हातात नसताना, कोणालाही पैसे पाठवू नका. फसवणुकीचा साचा ठरलेला आहे: फोटो हॉटेलसारखे, भाडं निम्मं, मालक कामानिमित्त दुसऱ्या देशात, डिपॉझिट पाठवा की चावी कुरिअरने येईल. इंदिरानगरच्या माझ्या एका मैत्रिणीचे असेच ६०० युरो गेले. घरच्यांनी एफडी मोडून दिलेले पैसे होते ते. तिने व्हिडिओ कॉल मागितला तेव्हा समोरच्याने नेटवर्क नाही म्हणून सांगितलं, तिथेच थांबायला हवं होतं. तुमच्या विद्यापीठात आधी गेलेला कोणी ना कोणी मराठी मुलगा-मुलगी सापडतेच. त्यांना एकदा दारापर्यंत जाऊन यायला सांगा. हे काम कोणी नाकारत नाही.

माझी सुटका झाली ती हागेनमुळे. डॉर्टमुंडपासून साधारण वीस किलोमीटर, म्हणजे ओझरहून नाशिकला यावं तितकं. रेल्वेने वीसेक मिनिटं लागायची आणि विद्यार्थी तिकिटात प्रवास धरलेलाच होता. तिथे २८० युरो वार्ममध्ये खोली मिळाली, पहिल्याच दिवशी कागदावर सही मिळाली. विद्यापीठाच्या गावातच राहायचं हा हट्ट सोडला की भाडं उतरतं. नकाशावर रेल्वेची लाइन धरून चार-पाच स्टेशनं पुढे-मागे शोधा.

अजून एक सोय आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. कोलोन, म्युनिकसारख्या शहरांत ‘वोनेन फ्यूर हिल्फे’ नावाची योजना चालते. घरात एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाकडे खोली घ्यायची आणि भाड्याऐवजी घरकामात मदत करायची. साधा हिशोब असा: खोली जितके चौरस मीटर, महिन्याला तितके तास काम. वीज-पाण्याचे पैसे वेगळे. सेवाशुश्रूषा यात येत नाही. बाजारहाट, बाग, कुत्र्याला फिरवणं अशी कामं. जर्मन भाषा थोडी तरी बोलता येत असेल तर हा मार्ग मला फार चांगला वाटतो. भाषा सुधारते आणि घरी कोणीतरी वाट बघणारं असतं.

पोहोचायचा दिवस सोमवार ते गुरुवारमधला ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात आणि शनिवारी रात्री उतरलेल्या माणसाचे हाल होतात. पहिल्या चार-सहा रात्रींसाठी युथ हॉस्टेलमधला पलंग इथूनच बुक करा. खोलीत शिरलात की भिंती, फरशी, खिडकीचे डाग यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा. डिपॉझिट परत मिळताना तेच कामाला येतात. फोडणी देताना खिडकी उघडा. घरोघरी धुराचे अलार्म असतात, आणि लाल मिरचीच्या ठसक्यावरून वेगेत वाद होतात.

आणि टपालपेटी. हागेनला पाच दिवस झाले तरी माझं एकही पत्र येईना. घरमालकीणबाई मला हाताला धरून खाली घेऊन गेल्या आणि पेट्यांच्या रांगेकडे बोट दाखवलं. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. मी वहीच्या पानाची पट्टी फाडली, आडनाव मोठ्या अक्षरात लिहिलं आणि सेलोटेपने चिकटवलं. तीन आठवड्यांनी त्याच पेटीत करक्रमांकाचा लिफाफा आला.

वर्षभराने मला वसतिगृहात खोली मिळाली. हागेनची खोली मी सिन्नरहून येणाऱ्या एका मुलीला लावून दिली. ती यायच्या आदल्या दिवशी जाऊन पेटीवर तिच्या नावाची पट्टी चिकटवून आले.