महापुरात मोबाइलवर आलेली माहिती बोटीपर्यंत कशी पोहोचवायची

‘तातडीने मदत हवी, सात जण अडकलेत, पुढे पाठवा.’ महापुरात असे संदेश ढिगाने येतात. गाव नाही, वेळ नाही, नंबर नाही. बोट तयार असली तरी ती सोडायची कुठे? म्हणून कोल्हापूर-सांगलीसारख्या पूरपट्ट्यात माहिती गोळा करायची व्यवस्था पाऊस लागायच्या आधी, मे महिन्यातच उभी करावी.

एकच नंबर ठरवा आणि तो ग्रामपंचायत, दूध संस्था, रेशन दुकान इथे रंगवून ठेवा. त्या नंबरचं सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. चार्जिंग जास्त टिकतं. व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या नंबरवर ठेवा. सगळ्यांना लिहिता येईल असा ग्रुप मात्र उघडू नका. ‘काळजी घ्या’ आणि हात जोडल्याच्या चित्रांखाली खरी हाक गाडली जाते.

वीज गेली की टॉवर बॅटरीवर आणि डिझेलवर चालतात. डेटा आधी रखडतो, पण एसएमएस पुष्कळदा निघून जातो. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हं मावतात, रोमन लिपीत १६०. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं: ‘गच्चीवर’ या एका शब्दाची सात चिन्हं होतात. संदेश लांबला तर त्याचे तुकडे पडतात आणि क्षीण रेंजमध्ये एखादा तुकडा वाटेत अडकतो. म्हणून लोकांना नमुना आधीच पाठ करून द्या:

‘कुरुंदवाड,शाळेमागे,गच्चीवर. ७ जण, १ आजारी. पाणी छातीला. ९.१०’

हा साठ चिन्हांत बसतो. शेवटी वेळ हवीच. व्हॉट्सअ‍ॅपवर दिसते ती पुढे पाठवल्याची वेळ, मूळ संदेश कालचाही असू शकतो. जुन्या संदेशावर बोट गेली की खरे अडकलेले तेवढा वेळ पाण्यात राहतात. ‘पाणी खूप वाढलंय’ याचा उपयोग नाही. कितवी पायरी, खिडकीच्या वर की खाली, ते विचारा. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ मध्ये ती ५५ फुटांवर गेली होती. आपल्या गल्लीत किती फुटांना पाणी शिरतं, याच्या खुणा विजेच्या खांबांवर रंगवून ठेवा, म्हणजे संदेश पडताळायला आधार मिळतो.

नोंदीला चार जण पुरतात: एक वाचणारा, एक उलट फोन करणारा, एक नकाशावर जागा शोधणारा आणि एकच जण जिल्हा नियंत्रण कक्षाशी, म्हणजे १०७७ वर, बोलणारा. पाळी चार तासांची. त्यापुढे चुका वाढतात. तक्त्यात वेळ, जागा, माणसं, आजारी किंवा गरोदर, पाण्याची पातळी, फोन आणि स्थिती एवढे रकाने ठेवा. आधी फोन नंबर जुळवून दुबार नोंदी काढा. एकाच घरासाठी पुण्या-मुंबईचे पाच नातेवाईक पाच संदेश पाठवतात. फोन लागत नसेल तर पोलीस पाटील किंवा शेजारच्या गच्चीवरून खात्री करा. दुजोरा नाही मिळाला तरी नोंद पुसू नका, ‘अपुष्ट’ लिहून कळवा.

जागा शोधणारा स्थानिकच हवा, पण गावातच हवा असं नाही. २०१० च्या हैती भूकंपात ४६३६ या क्रमांकावर आलेले, तिथल्या क्रेओल भाषेतले एसएमएस परदेशातल्या हैतीवासीयांनी भाषांतरित केले आणि नकाशावर जागा ओळखल्या. आपल्याकडची रात्रपाळी अमेरिकेतला शिरोळचा मुलगा दिवसाउजेडी करू शकतो. ‘पाटलांचा मळा’ कुठला, हे त्याला विचारावं लागत नाही.

२००८ मध्ये केनियात सुरू झालेल्या ‘उशाहिदी’सारखा, लोकांनी पाठवलेल्या नोंदी दाखवणारा ऑनलाइन नकाशा वापरायचा असेल, तर नोंद तपासल्याशिवाय दिसू देऊ नका. लोकांसमोर फक्त वस्तीचं नाव ठेवा. फोन नंबर आणि रिकामं झालेलं घर उघड केलंत तर चोरांचीच सोय होते.

सगळ्यात दुर्लक्षित रकाना ‘स्थिती’चा. नवी, खात्री झालेली, कळवलेली, सुटका झालेली. शेवटची नोंद अडकलेल्या माणसाला स्वतः फोन करून, बोट येऊन गेल्याची खात्री झाल्यावरच करा. तिथेच कोणत्या छावणीत नेलं तेही लिहा. कारण दुसऱ्या दिवसापासून त्याच नंबरवर बहुतेक फोन एवढंच विचारायला येतात: आई कुठंय?