संत्र्याची खोली, द्राक्षाची खोली : मैत्रिणीच्या लग्नाचे फलक

मुलगी पंचवटीतली, मुलगा अमरावतीचा, लग्न नाशिकला. आठवीत आम्ही दोघींनी चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा शेजारशेजारच्या बाकांवर बसून दिली होती, त्यामुळे तारीख ठरल्यावर तिने मला काही विचारलंच नाही. "फलक तू करायचेस," एवढंच म्हणाली. मी नाशिकच्याच सिडको भागातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. फळ्यावर, भिंतीवर, नाटकाच्या पडद्यावर चितारलंय, पण लग्नाचे फलक पहिल्यांदाच केले. सहा आठवडे लागले आणि नऊ फलक झाले. तुमच्याही जवळच्या कुणाचं लग्न ठरलं असेल आणि हातात पेन्सिल असेल, तर माझं शिकलेलं तुमच्या उपयोगी पडावं.

पेन्सिल मात्र लगेच उचलू नका. आधी लग्नाच्या जागेवर पाहुण्यासारखं चालून या. लॉन्स गंगापूर रोडला होतं. फाटकातून आत शिरले आणि जिथे जिथे "आता कुठे जायचं?" असं वाटून पाय थबकला तिथे मोबाइलवर फोटो काढला. पार्किंग संपतं तिथे, दोन्हीकडच्या खोल्यांच्या जिन्यापाशी, मांडवाच्या तोंडाशी, जेवणाकडे वळताना, हात धुवायच्या जागेपाशी. पाय थबकला त्या प्रत्येक जागी एक फलक. बाकीचे, म्हणजे इंटरनेटवर दिसतात ते सुविचारांचे आणि प्रेमाच्या ओळींचे, मी सरळ गाळले. जो फलक कुणाला वाट दाखवत नाही, त्याच्यापुढे फक्त गर्दी होते.

मग दोन्ही घरी जाऊन बसा. नवरा-नवरी कुठे भेटले, त्यांना काय आवडतं, हे आपल्याला माहीत असतंच. खरा साठा आई-वडील, मामा, आजी यांच्याकडे असतो. मैत्रिणीच्या बाबांनी सांगितलं, की गंगेला पूर आला की ते हिला खांद्यावर बसवून न्यायचे, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय ते बघायला. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.) स्वागताच्या फलकावरचं चित्र मला तिथेच मिळालं : पाठमोरा बाप, खांद्यावर दोन वेण्यांची मुलगी, समोर फुगलेलं पाणी आणि बुडत चाललेल्या पायऱ्या. मारुती मी काढला नाही. लग्न उरकलं की फलक कुठेही पडतात, कुणाचा पायही लागतो, म्हणून सगळ्या फलकांत मिळून देव एकच ठेवला. स्वागताच्या फलकावर गणपती, आणि तो फलक त्याच रात्री घरी न्यायचा हे आधीच ठरवलं. चपलांच्या फलकावर तर देव, देऊळ, घंटा काहीही नको. तिथे मी एक कोल्हापुरी जोड काढला आणि "चपला इथे" लिहिलं.

मुलाच्या आजोबांची वरुडकडे संत्र्याची बाग. मैत्रिणीच्या मामांची दिंडोरीला द्राक्षबाग. हे ऐकल्यावर मला सगळ्या फलकांचा धागाच सापडला. मुलाकडच्यांसाठी संत्रं, मुलीकडच्यांसाठी द्राक्ष. खोलीच्या दारावर फळ, तिकडे जाणाऱ्या बाणावर तेच फळ. चश्मा विसरलेल्या आजींना "वरपक्ष" हा शब्द वाचावा लागू नये, "संत्रं दिसेल तिकडे जा" एवढं पुरावं. तुमच्याकडे फळंच असतील असं नाही. एका घरी हातमाग असेल, दुसऱ्या घरी होडी. पण खूण अशी घ्या, की ती त्या घरच्या माणसांना लांबूनही आपली वाटेल आणि दोन खुणांचे आकार-रंग एकमेकांत मिसळणार नाहीत.

चित्र काढताना खरी वस्तू समोर ठेवा. मी पहिली द्राक्षवेल मनाने काढली, घड पानाच्या बेचक्यातून लोंबतोय अशी. मामांना दाखवली. त्यांनी कागद जवळ घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "बाई, घड पानाच्या कुशीतून येत नाही. पान इकडे, घड त्याच्या समोर." दुसऱ्या दिवशी बागेत नेऊन काडी दाखवली. खरंच, पेराला एका बाजूला पान आणि घड असलाच तर बरोबर विरुद्ध बाजूला, नाहीतर तिथे ताणा, म्हणजे आधार धरणारा तंतू. पानाला पाच कंगोरे, कडेला दाते. मी तिथेच बांधावर बसून सहा पानं काढली. लग्नात आलेल्या निम्म्या पाहुण्यांची पोटं द्राक्षावर चालतात, त्यांच्यासमोर चुकीची वेल टांगली असती तर मला फार वाईट वाटलं असतं.

संत्र्याची अडचण वेगळीच. अख्खं संत्रं दहा पावलांवरून लाडू दिसतं, नाहीतर झेंडू. म्हणून एक अख्खं, शेजारी अर्धं सोललेलं, साल सुटलेली, फोडी दिसताहेत, आणि देठाला दोन पानं असं काढलं. द्राक्षं हिरवी न ठेवता काळी घेतली, कारण फिकट हिरवा रंग क्रीम पाटीवर उठत नाही.

आता अक्षरं. दहा फुटांवरून सहज वाचायचं तर अक्षर एक इंच उंच हवं, तीस फुटांवरून तीन इंच. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजा. वेलांट्या, मात्रा, उकार यांना वर-खाली वेगळी जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. मी कागदावर प्रिंट काढून सोसायटीच्या भिंतीला चिकटवले आणि वडिलांना चश्मा काढून लांबून वाचायला लावलं. जे त्यांना अडखळलं ते मोठं केलं. मोठे शब्द शक्यतो हाताने लिहा, चित्राच्या हाताशी ते जुळतात. बारीक मजकुराला 'तिरो देवनागरी मराठी' किंवा 'मुक्ता' चांगला. फाँट निवडताना ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना ते बघून घ्या.

मजकूर बोलल्यासारखा ठेवा. "भोजन कक्ष" न लिहिता "जेवायला चला" लिहिलं, आणि खाली दोन ताटल्या : आमची पापड घातलेली मिसळ आणि त्यांचा गिला वडा. हात धुवायच्या जागी नुसतं "हात धुवायला इकडे". नावांचा क्रम, "चि." आणि "चि. सौ. कां." लावायचं की नाही, हे दोन्ही घरांना विचारून कागदावर लिहून घ्या. शुद्धलेखन दुसऱ्या माणसाकडून तपासा. "आशीर्वाद" हा शब्द भल्याभल्यांच्या हातून "आर्शिवाद" होतो.

माझी चूक झाली ती मात्र छपाईत. पाहुण्यांच्या फलकावर "या वऱ्हाडी मंडळी" असं होतं, आणि मंडळी खरोखरच वऱ्हाडातली, म्हणून तो शब्द मला फार प्रिय होता. मी फाइल जशीच्या तशी छपाईला दिली. तिथल्या संगणकात तो फाँट नव्हता. छापून आलं तेव्हा ऱ्हचा तो कोयत्यासारखा अर्धा र गेला होता आणि ह च्या डोक्यावर रफार चढला होता. दुसऱ्या फलकावर पहिली वेलांटी अक्षर सोडून पुढे सरकलेली. दोन्ही पुन्हा छापावे लागले. तेव्हा छपाईला देण्याआधी मजकूर बाह्यरेषांत बदला : इलस्ट्रेटरमध्ये 'क्रिएट आउटलाइन्स', कोरलड्रॉमध्ये 'कन्व्हर्ट टू कर्व्हज'. मग पीडीएफ द्या. बदलता येईल अशी मूळ प्रत मात्र जपून ठेवा, आमच्या जेवणाच्या वेळा शेवटच्या आठवड्यात बदलल्या.

चित्र ए-फोर कागदावर काढून ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केलं, तर तेच चित्र ए-टू आकारात ३०० डीपीआयला नीट छापता येतं. मोबाइलच्या फोटोवर भागवू नका, कागदाच्या कडेला सावली येते आणि पांढरा राखाडी होतो. रंग चारच ठेवा. पडद्यावरचा झगझगीत नारिंगी छपाईत हमखास मळतो, म्हणून आधी एक पट्टी छापून उन्हात धरून बघा. माझं संत्रं पहिल्यांदा विटकरीकडे झुकलं होतं. निळा काढून पिवळा वाढवला तेव्हा जमलं.

बाणाचे आणि खोल्यांचे फलक ५ मिलिमीटरच्या सनबोर्डवर, म्हणजे हलक्या फोमच्या पाटीवर, केले. छपाईवाले चौरस फुटावर भाव सांगतात. ए-टू म्हणजे साधारण पावणेतीन चौरस फूट, त्यावरून हिशेब करून ठेवा. लॅमिनेशन मॅटच घ्या. चकचकीत घेतलं तर रात्रीच्या दिव्यांत अक्षरांऐवजी दिवाच दिसतो. स्वागताचा फलक मी प्लायवर हाताने रंगवला, आणि तोही आधी पोस्टर कलरने करणार होते. डिसेंबरातलं नाशिक, नमुना म्हणून रंगवलेला तुकडा एक रात्र गच्चीत ठेवला, सकाळी दवाने पायऱ्यांचा रंग पाण्यात उतरला होता. म्हणून खरा फलक ॲक्रिलिकने रंगवून वर वॉर्निशचे दोन हात दिले. उघड्यावरच्या लग्नात ही एक रात्रीची परीक्षा घ्याच.

लावताना एवढं बघा : वाट दाखवणारा फलक माणसांच्या डोक्यावर हवा, सात फुटांच्या आसपास. कमरेएवढ्या घोडीवर, म्हणजे फलकाच्या स्टँडवर, ठेवलेला बाण पहिले पन्नास पाहुणे आले की दिसेनासा होतो. आम्ही बांबू रोवून फलक सुतळीने दोन ठिकाणी बांधले. घोडीवर एकटा स्वागताचा फलक, आणि तिच्या पायांत वाळूच्या दोन पिशव्या, कारण मोकळ्या लॉन्सवर वारा संध्याकाळी अचानक उठतो. बाण लावून झाला की फाटकापासून पुन्हा एकदा चालून या. माझा एक बाण उलटा लागला होता, तो तेव्हाच सापडला.

लग्नाच्या दिवशी सकाळी अमरावतीची बस आली. एक आजी नातवाचा हात धरून उतरल्या, मान वर करून बघितलं आणि "हे काय, आपलं संत्रं," म्हणत जिन्याकडे चालू लागल्या. मैत्रिणीचे बाबा स्वागताच्या फलकासमोर बराच वेळ उभे होते. मी जवळ गेले नाही.

उतरवायला आधीच एक माणूस नेमा, नाहीतर मांडववाले सगळं एकत्र गुंडाळून नेतात. द्राक्षाचा फलक मामांनी मागून घेतला, तो आता दिंडोरीला पॅकिंग शेडच्या दारावर आहे. संत्र्याचा फलक सतरंजीत बांधून, बसच्या मागच्या सीटवर आडवा ठेवून, वरुडला गेला.