तेजोमेघ बघायला जाताय? आधी एवढी तयारी करा

सगळ्यात आधी अमावस्या कधी आहे ते बघा आणि तिच्या मागचे-पुढचे चार-पाच दिवस धरून प्लॅन करा, चंद्र वर असला की तेजोमेघ, म्हणजे अवकाशातले वायू आणि धुळीचे ढग, त्या उजेडात पार बुडून जातात, मग दुर्बीण कितीही भारी असो. मग टार्गेट ठरवा. डिसेंबर ते मार्च असेल आणि पहिल्यांदाच जात असाल तर डोळे झाकून मृग नक्षत्रातला एम ४२ हा तेजोमेघ घ्या (एम म्हणजे मेसियेच्या यादीतला क्रमांक). मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण सापडला की त्याच्या दक्षिणेला फिकट ठिपक्यांची एक छोटी ओळ दिसते, त्यात मधला जो धुरकट वाटतो तोच. साधारण १,३५० प्रकाशवर्षं लांब, आणि तिथे खरंच तारे जन्माला येतायत!

आता डोळ्यांची तयारी, ही माझ्या मते दुर्बिणीपेक्षा महत्त्वाची. जागेवर पोचल्यावर निदान २०-३० मिनिटं कुठलाही उजेड बघायचा नाही, एकदा मोबाईलची स्क्रीन चमकली की सगळं पहिल्यापासून. टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर दुहेरी गुंडाळून रबरबँड लावा, कारण अंधारात बघणाऱ्या पेशींना लाल उजेड जवळजवळ जाणवतच नाही. चार्ट, म्हणजे आकाशाचा नकाशा, कागदावर प्रिंट करून न्या.

रंगांचं मात्र आधीच मनाशी पक्कं करून जा. फोटोतला तो लाल रंग हायड्रोजनचा, ६५६ नॅनोमीटरचा, आणि मंद उजेडात आपल्या डोळ्याला तो दिसत नाही, त्यामुळे राखाडी, फार तर जरा हिरवट पिसारा दिसेल. पण तो पिसारा जिवंत असतो हो! थेट रोखून बघू नका, नजर किंचित बाजूला ठेवा, म्हणजे कडेच्या फिकट पंखासारख्या बाजू हळूहळू उमटायला लागतात.

दुर्बीण असेल तर अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा, थंड होऊ दे, आणि सुरुवात २५ एमएमच्या आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) करा. मग पॉवर वाढवा, मधोमध चार ताऱ्यांची चिमुकली चौकट दिसेल, ट्रॅपेझियम, त्यातल्या सगळ्यात तेजस्वी ताऱ्याच्या अतिनील किरणांमुळेच मुख्यतः हा वायू उजळलाय. दुर्बीण नसेल तर १०x५० बायनॉक्युलर (दहा पट मोठं दाखवणारा, पुढची भिंगं ५० एमएमची) पुरे, फक्त कोपर टेकवायला काहीतरी बघा. यूएचसी फिल्टर (चमकणाऱ्या वायूचा उजेड येऊ देणारा, बाकीचा बराचसा अडवणारा) मिळाला तर जरूर न्या, पण एम ७८ सारख्या नुसता ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करणाऱ्या मेघांना त्याचा उपयोग नाही.

लेन्सवर दव धरतं, तेव्हा पुढे जाड कागदाची नळी लावा आणि कपड्याने पुसू नका. जून ते ऑगस्टमध्ये जायचं असेल तर धनू राशीतला एम ८ बघा, त्याच्या उत्तरेला दीडेक अंशावर एम २०, दोन्ही बायनॉक्युलरमध्ये एकदमच मावतात.