ओव्हरलाय आणि ओव्हरले: या चुका टाळा, नाहीतर कातळ चिखलावर तरंगेल

जमीन तपासणीचे इंग्रजी रिपोर्ट मराठीत करून देणं हा माझा ठाण्यातला धंदा. हेच काम शिकायला संध्याकाळी दोन-चार मुलं घरी येतात. त्यातलं प्रत्येक जण एका क्रियापदावर हमखास आपटतं. ते म्हणजे ओव्हरलाय. अर्थ काही अवघड नाही: एक थर दुसऱ्या थराच्या वर पसरलेला असणं. ‘क्ले ओव्हरलाइज बेसॉल्ट’, म्हणजे गाळ वर, कातळ खाली. इथवर कुणी चुकत नाही. वाक्य कर्मणी झालं की घोळ सुरू.

वाशीच्या एका सोसायटीचा स्वयंपुनर्विकास चालला होता. बोअर लॉगमध्ये, म्हणजे जमिनीत भोक पाडून केलेल्या थरांच्या नोंदीत, वरून खाली सगळं नीट दिलेलं: भरणी, मग खाडीचा काळा गाळ, मग मुरूम, मग कातळ. सारांशात वाक्य होतं, ‘बेसॉल्ट इज ओव्हरलेन बाय मरीन क्ले’. माझ्याकडच्या मुलानं लिहिलं, ‘खाडीच्या गाळावर बेसॉल्ट पसरलेला आहे’. मी पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं आणि पाठवून दिलं. माझंही चुकलंच.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा भरली. एक निवृत्त काका माझा कागद हातात घेऊन उठले. “मॅडम, दगड वरच आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग पायलिंगचे, ते खोल कातळापर्यंत खांब उतरवायचे, पैसे आम्ही कशाला भरायचे?” टाळ्या पडल्या. इंजिनिअर बिचारा फळ्यावर थर काढून दाखवत बसला, पण लोकांचा विश्वास छापील कागदावर. पायलिंगचा ठराव पुढच्या सभेवर गेला आणि मी मान खाली घालून रिक्षात बसले.

मुलाला विचारलं, लॉगचं कोष्टक पाहिलं नाहीस का? “वेळ जातो मॅडम, सारांशात सगळं असतंच ना.” हे ‘असतंच ना’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. पंधरा मिनिटं वाचवायची आणि मग महिनाभर निस्तरायचं.

माझी सवय सांगते. समासात पेन्सिलीनं दोन आडव्या रेघा मारायच्या. ‘बाय’च्या पुढे जे येईल ते वरच्या रेघेवर लिहायचं, राहिलेलं खालच्या. मराठीत ‘चादरीने झाकलेली गादी’ म्हटलं की ‘ने’ लागलेली चादर वर, यात कुणाला शंका येते का? ‘बाय’ म्हणजे तोच ‘ने’. तरी खात्री वाटत नसेल तर वय बघा. थर उलटेपालटे झालेले नसतील तर जुना खाली, नवा वर. निकोलस स्टेनो या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञानं हे 1669 मध्येच लिहून ठेवलंय. आपल्याकडचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, खाडीचा गाळ त्यापुढे कालपरवाचा. पारसिकच्या डोंगरात तोच कातळ उघडा दिसतो, कारण तिथे त्याच्यावर हा गाळ नाही.

दुसरी डोकेदुखी ओव्हरले. ओव्हरले करायला माणूस लागतो. पावसाळ्याआधी घोडबंदर रोडवर जुन्या थरावर डांबराचा नवा थर चढवतात, तो ओव्हरले. ओव्हरलायला कुणाचा हात लागत नाही, थर आपला पडलेला असतो. एवढ्यावर भागलं असतं, पण ओव्हरलायचा भूतकाळही ‘ओव्हरले’च होतो! म्हणून रूपं सुट्टी पाठ करू नका, जोडीनं म्हणा: ओव्हरलाय, ओव्हरले, ओव्हरलेन; ओव्हरले, ओव्हरलेड, ओव्हरलेड. रस्ता डांबरानं ‘ओव्हरलेड विथ’, कातळ गाळानं ‘ओव्हरलेन बाय’. कातळाला ‘ओव्हरलेड’ लिहिणारे इंजिनिअरही भेटतात. मी तरी लाल पेन उचलते.

एकदा एका हुशार मुलीनं मला गाठलंच. झोपेत आईच्या अंगाखाली सापडून तान्हं बाळ गुदमरतं, त्यालाही इंग्रजीत जुना शब्द ओव्हरलायच. पण 1611 च्या इंग्रजी बायबलात, सॉलोमन राजाकडे भांडत आलेल्या दोन बायांच्या गोष्टीत, नेमकं तिथेच ‘ओव्हरलेड’ आहे. म्हणजे हा गोंधळ चारशे वर्षांचा तरी आहे. तिला चहा पाजला, पण तिच्या रिपोर्टातला ‘ओव्हरलेड’ खोडलाच.

बाकीचं किरकोळ. ‘ओव्हरलाइज ऑन’ लिहू नका, ‘वर’ त्या क्रियापदाच्या पोटातच आहे. ओव्हरलॅप म्हणजे कडेला थोडं एकमेकांवर येणं, ते वेगळं. थर जागचा हलत नाही, तेव्हा ‘इज ओव्हरलाइंग’ नको, साधा वर्तमानकाळ पुरे. ‘ओव्हरलाइंग क्ले’ असं विशेषण मात्र चालतं. आणि ‘ओव्हरलाइड’ असं रूप नाहीच. ते दिसलं की मी कागद तसाच परत देते, पुढचं वाचत नाही.