खाडीवर जिताड्यासाठी रॉड घेताना

रॉड घ्यायला निघताना मासा किती मोठा लागेल हा विचार थोडा बाजूला ठेवा. आधी दोन गोष्टी ठरवा: आमिष किती ग्रॅमचं फेकणार, आणि लागलेला मासा कुठे घुसणार. जिताडा तिवरांच्या मुळांत, जेटीच्या खांबांशी, उघाडीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) तोंडाशी दबा धरून असतो आणि गळ लागला की पहिली धाव तिकडेच घेतो. त्याला तिथून लगेच वळवायचं तर रॉडच्या खालच्या निम्म्या भागात दम हवा. पॉवर म्हणतात ती हीच. उघड्या रेतीवर तेवढाच मासा हलक्या रॉडवरही निघतो, कारण तिथे त्याला पळू द्यायला जागा असते.

वजनाचा हिशेब पूर्ण करा. जिवंत कोळंबी लावणार असाल तर शिसं, गळ आणि कोळंबी मिळून जे होईल ते वजन धरायचं, नुसतं शिसं नाही. जिताड्याची बहुतेक लुअर, म्हणजे नकली आमिषं, १५ ते ३० ग्रॅममध्ये बसतात.

आता मुठीच्या वर छापलेली ओळ वाचा. एमएल, एम, एमएच (मीडियम लाइट, मीडियम, मीडियम हेवी) या अक्षरांवर विसंबू नका; एका कंपनीचा ‘मीडियम’ दुसऱ्या कंपनीचा ‘मीडियम हेवी’ निघतो. खरे आकडे दोन, लुअरचे ग्रॅम आणि दोरीचे पौंड (किती ताणाला ती तुटते). वजन औंसात असेल तर २८ ने गुणा. तिवरांसाठी ७ फुटांच्या आसपासचा, १० ते ३५ ग्रॅमचा, २० पौंडांची ब्रेडेड (विणलेली) दोरी झेलणारा मीडियम हेवी घ्या. १० ते ३५ लिहिलेलं असलं तरी रॉड मोकळा चालतो तो मधल्या वजनांवर. ५ ग्रॅमचं लुअर त्यावर जागच्या जागी पडतं. ५० ग्रॅम जोरात फेकलं तर टोक जातं.

अॅक्शन वेगळी गोष्ट आहे. रॉड वाकायला किती जोर लागतो ती पॉवर, कुठून वाकतो ती अॅक्शन. फास्ट रॉड वरच्या भागातच वाकतो, गळ पटकन रुततो. पण जिताडा पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो आणि ब्रेडेड दोरी ताणत नाही, म्हणून एक्स्ट्रा फास्टपेक्षा मीडियम फास्ट बरा.

दुकानात टोक छताला टेकवून वाकवून बघू नका (सर्रास करतात, दुकानदारही). गाइडांतून (रॉडवरच्या दोरीच्या कड्यांतून) दोरी ओवून मित्राला हळूहळू ओढायला सांगा आणि बाक बघा. प्रत्येक गाइडच्या कड्यातून कापूस फिरवा. धागे अडकले तर तिथे तडा आहे, आणि तो दोरी कापणार. दोन तुकड्यांचा रॉड असेल तर सांधा हलता कामा नये.

रीळ ४००० च्या आकाराचं पुरतं. दोरीपुढे ४० पौंडांचा लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा, बांधा; जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते. ड्रॅग (किती ओढीला रीळ दोरी सोडेल तो ब्रेक) घरीच वजनकाट्यावर लावा: २० पौंड म्हणजे ९ किलो, त्याचा पाव भाग, साधारण सव्वादोन किलोला दोरी सुटली पाहिजे. अंदाजाने आवळलेला ड्रॅग आणि जास्त जाड दोरी एकत्र आली की दोरीच्या आधी रॉड तुटतो.

त्याहून जास्त रॉड मोडतात ते मासा पायाशी आल्यावर. रॉड सरळ उभा धरला की सगळा भार बारीक टोकावर येतो. मूठ खाली ठेवा, मागे सरका. जेटी उंच असेल तर लांब दांड्याची जाळी न्याच. तीन किलोचा मासा रॉडने वर उचलायचा नसतो, लेबलवर काहीही लिहिलेलं असो.

निघण्याआधी वाटेवरच्या विजेच्या तारा आणि आभाळ बघून घ्या. रॉडच्या कार्बनमधून वीज वाहते. गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवून आडोशाला जायचं. परत आल्यावर ड्रॅग आवळून रीळ आणि गाइड गोड्या पाण्याने हलकेच धुवा, सुकल्यावर ड्रॅग सैल करा.